जुवातलं जादा भोक

शर्यतीची गाडी तयार झाली की आप्पा सुतार तिचं जू स्वतःच्या मानेवर घेत आणि अनगोळच्या गल्लीतून धूम ठोकत. साठी उलटलेला माणूस, धोतराचा काचा मारलेला, मागे खडखडणारी गाडी आणि गाडीमागे गल्लीतली झाडून सगळी कुत्री. नवख्याला वाटे, म्हातारा बिघडला. आप्पा धापा टाकत म्हणत, "माझ्या मानंला टोचलं तर बैलाला टोचणार न्हाय व्हय?"

लाकूड निवडायला ते महिनामहिना घालवत, मग ते तासून तासून हलकं करत. "मागं गाडी हाय हे बैलाच्या ध्यानात येऊ नये, एवढीच माझी विद्या." लष्करी कॅम्पातला एक गोरा साहेब आपल्या मोटारीची फुशारकी मारत आला, तेव्हा आप्पांनी खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "ह्यातलं निम्मं लोखंड काढा. मग पळंल."

पण आप्पांचं नाव झालं ते भलत्याच कारणानं. मी शाळामास्तर आणि त्यांचा शेजारी. एकदा ते जुवाला भोकं पाडत होते आणि मी शेजारी बसून अखंड बडबडत होतो. त्या नादात गिरमिट नको तिथं फिरलं आणि एक भोक जादा पडलं. "मास्तर, तुमच्या तोंडाला खुट्टी ठोकू का?" आप्पा ओरडले. शर्यत दुसऱ्याच दिवशी होती. नवं जू करायला वेळ नव्हता, तेच लावलं. गाडी पहिली आली.

झालं! कडोलीपासून निपाणीपर्यंत सगळे सुतार तसंच भोक पाडू लागले. गिऱ्हाईक आधी भोक बघे. नसेल तर गाडी नकली. शिव्या घालत आप्पांनाही ते पाडावं लागे. माणसानं जन्मभर लाकूड तासलं आणि लोकांना दिसलं फक्त भोक, याचं मला फार वाईट वाटे.

शेवटी एका वर्षी ते इरेला पेटले. बिनभोकाची गाडी केली आणि चारचौघांत सांगितलं, "गाडी माझी पळती का भोक, कळू दे एकदा. हरलो तर हत्याराला हात लावणार न्हाय." गाडी पहिली आली. मी टोपी उडवली. तेवढ्यात कडोलीच्या भरमू सुतारानं जू चाचपलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "भोक आत हाय. वरनं बुजवलंय. लई मोठा माणूस!" सगळ्यांनी माना हलवल्या.

आप्पा मटकन खाली बसले. "मास्तर, मी जिंकलो का हरलो वो?"

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी मला म्हणाले, "तिरडीच्या बांबूला तेवढं भोक पाडू देऊ नका." मी बांबू स्वतः तपासून घेतले. पण पंचक्रोशीतले सुतार जमले होते, मी कुणाकुणावर नजर ठेवणार? खांदा देताना बोटाला भोक लागलंच.

शेजारी भरमू ढसाढसा रडत होता. "आप्पांनीच शिकवलं वो आमाला," म्हणाला. ते पहिलं भोक माझ्या बडबडीनं पडलं होतं, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.