कॅमेरा अण्णांचा, खुळखुळा माझा

फोटो स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये न नेलेले फोटो साचत जातात. लोक हौसेने फोटो काढून घेतात, "सोमवारी येऊन नेतो" म्हणतात आणि तो सोमवार काही उगवत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. डिलाईल रोडच्या नाक्यावरचा आमचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला, किस्से मात्र माझ्याकडे पडून आहेत. कोणी न्यायला येईना, म्हणून तुम्हालाच वाटून टाकते!

स्टुडिओ माझ्या सासऱ्यांचा. सगळा नाका त्यांना अण्णा म्हणायचा. नवरा फोर्टात कारकून, त्याला कॅमेऱ्याचं काडीचं प्रेम नाही. मला मात्र वेड होतं. माहीमला माहेरी भावाचा साधा कॅमेरा होता, त्याने मी गल्लीतल्या एकूणएक पोरांचे फोटो काढले होते. लग्न ठरलं तेव्हा मुलगा नोकरीला आहे यापेक्षा घरचा स्टुडिओ आहे याचाच मला जास्त आनंद झाला. हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही!

सत्यनारायण झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी पदर खोचून स्टुडिओत हजर. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवरमधून एक खुळखुळा काढला आणि माझ्या हातात दिला.

"कॅमेरा मी बघतो. तू पोरांना हसव."

"आणि मी फोटो कधी काढायचा?"

"आधी हसवायला तर शीक!"

पुढची पाच वर्षं मी तो खुळखुळा वाजवत होते. महिन्यातून एकदा तरी विचारायचे, "अण्णा, एकच फोटो काढू?" उत्तर ठरलेलं, "बघू."

*

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आमचा सीझन. बोरन्हाण झालं की आया आपापल्या बाळांना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून थेट स्टुडिओत आणायच्या. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं हलव्याचं. आता वर्षाच्या पोराच्या अंगावर साखर घातल्यावर ते काय करणार?

एका बाळाने अण्णा फोकस करेपर्यंत उजवा बाजूबंद फस्त केला. मी खुळखुळा वाजवला तशी त्याने माझ्याकडे बघून गोड हसत अर्धा हारही संपवला. फोटो आला झकास, पण राजा पार लुटलेला!

आई हिरमुसली. "अण्णा, सासूबाईंनी आठवडाभर खपून केले होते हो दागिने. काहीतरी करा ना!"

अण्णा दोन दिवस बारीक ब्रश घेऊन बसले आणि फोटोवर पांढऱ्या रंगाने एकेक दाणा काढत गेले. फोटो न्यायला सासूबाई स्वतः आल्या. भिंग लावून बघितला आणि सुनेला म्हणाल्या, "बघ, माझ्या हलव्याला काटा कसा आलाय!"

*

अण्णांच्या ब्रशची कीर्ती मग बीडीडी चाळींपर्यंत गेली. एक दिवस पंचविशीतला, चांगला उंचापुरा माणूस आला आणि इकडेतिकडे बघत त्याने पिशवीतून एक जुना फोटो काढला. दोन वेण्या, रिबिनी, फुलाफुलांचा फ्रॉक. जावळ काढायच्या आधी आईने हौसेने काढून घेतलेला त्याचाच फोटो!

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"मुलीकडचे लोक घर बघायला आले होते. हा भिंतीवर. मुलीची आई म्हणते, मोठ्या बहिणीचं तुम्ही काही बोलला नाहीत!"

"मग काढून ठेव भिंतीवरनं."

"आई काढू देत नाही. तुम्ही एक काम करा अण्णा, याला जरा मिशी काढून द्या!"

*

अण्णांचं आवडतं वाक्य होतं, "हलू नका." गिऱ्हाईक दारातून आत येत असतानाच ते म्हणायचे.

वरळी कोळीवाड्यातून एक मावशी यायच्या. मासळी विकायच्या, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक थांबावं. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला अख्खं कुटुंब घेऊन आल्या. दोन लेक, दोन सुना, सगळे नटूनथटून, आणि मधे तो नातू डोळे घट्ट मिटून. मी खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला, पदर डोक्यावर घेऊन नाचले. पोरगं डोळे उघडेल तर शपथ!

"तू सर बाजूला," मावशी मला म्हणाल्या आणि बाजारात बसल्यासारखी त्यांनी हाक मारली, "ए ताजा पापलेट!"

पोराने टक्क डोळे उघडले. खुदकन हसलंसुद्धा. अण्णांनी बटण दाबलं.

चार दिवसांनी बघतो तर फोटो धूसर. अण्णांनी तो मावशींपुढे ठेवला आणि चष्मा सावरत म्हणाले, "तुमच्यातलं कोणीतरी हललं."

मावशींनी फोटो उलटसुलट केला. "आमी कोन पन नाय हल्लो. वराडले मी, नि हल्लास तू!"

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी ती संधी साधून म्हटलं, "अण्णा, पुन्हा काढायचाच आहे, तर मी काढू?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी निमूटपणे खुळखुळा उचलला.

*

मग गिरण्यांचा संप आला. भोंगे बंद झाले. आधी लोक म्हणाले दोन महिने, मग म्हणाले गणपतीपर्यंत, मग कोणी काही म्हणेना. चाळीतली बिऱ्हाडं गावी जायला लागली. आमच्याकडे गर्दी वाढली ती त्यामुळेच. गावच्या शाळेत नाव घालायला मुलांचे फोटो लागायचे. मला त्या दिवसांत खुळखुळा वाजवायला फार जड जायचं.

एक बाई चार मुलगे घेऊन आल्या. चौघांत चांगला शर्ट एकच. आधी थोरल्याने घातला, फोटो झाला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. प्रत्येक वेळी मी पाठीमागून थोड्या जास्त पिना लावत गेले. चौथ्याला तो गुडघ्यापर्यंत आला. त्याचाही फोटो झाला. मी पिना काढायला गेले तर तो शर्ट घट्ट धरून उभा.

"अरे, सोड की," आई म्हणाली.

"का? माझ्यानंतर कोण नाय. आता माझाच ना?"

अण्णा हसले. मग आत डार्करूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

आणि हा शेवटचा. माझ्या मते सगळ्यात भारी.

सावंत म्हणून एक विणकर होता. संप लांबत चाललेला. हा वडापावची गाडी लावायचा, ती सोडून गावी जाता येईना. मुलगा झाला, आठ महिन्यांचा झाला, पण देवगडकडे राहणाऱ्या त्याच्या वडिलांनी नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. निदान फोटो तरी पाठवू, म्हणून नवराबायको बाळाला घेऊन आले. बाळाला आईने मांडीवर घेतलं. अण्णा त्याची हनुवटी सरळ करायला वाकले, आणि बाळाने एका हाताने अण्णांचा शर्ट आणि दुसऱ्या हाताने त्यांचा चष्मा धरला!

सोडवला की भोकाड. आईकडे दिलं, भोकाड. बापाकडे दिलं, भोकाड. अण्णांच्या मांडीवर मात्र साहेब एकदम खूष. चष्मा तोंडात!

"आता हो?" सावंत रडवेला झाला. "उद्या गावचा माणूस जायचाय. त्याच्याबरोबर द्यायचाय फोटो."

अण्णा खुर्चीत, बाळ त्यांच्या मांडीवर, दोन्ही बाजूंना आईबाप. अण्णांनी डोळे बारीक करून कॅमेऱ्याच्या दिशेने पाहिलं. मग माझ्याकडे.

"चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही," ते म्हणाले. "काढ तूच."

मी खुळखुळा खाली ठेवला. फोकस केला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फोटो इतका स्वच्छ आला की बाळाच्या पापण्या मोजता याव्यात! अण्णांनी प्रिंट उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली. "हं," म्हणाले. बस्स.

पंधरा दिवसांनी स्टुडिओच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. फोटोच्या मागे आमचा शिक्का असायचा, तिथून सावंताच्या वडिलांनी पत्ता घेतला होता. कोणाकडून तरी लिहवून घेतलं असावं, कारण अक्षर वळणदार आणि भाषा जशीच्या तशी!

"फोटो गावलो. झील आमचो, सून आमची, नातू आमचो. मधी बसलेलो म्हातारो कोणाचो? आजोबा मी, आणि मी अजून जित्तो आसंय!"

मी पोट धरून हसले. अण्णांनी मात्र गंभीरपणे कोरं कार्ड घेतलं, उत्तर लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"स.न.वि.वि. मधला म्हातारा मी. आपल्या नातवाने धरून ठेवल्यामुळे माझा नाइलाज झाला. फोटो आमच्या स्टुडिओच्या फोटोग्राफर सौ. निर्मला यांनी काढलेला आहे. तरी पुढील तक्रार थेट त्यांच्याकडे करावी."

"पेटीत टाकून ये," अण्णा म्हणाले.

पोस्टाची पेटी आमच्या दारासमोरच होती. ते कार्ड टाकायला मला तीन दिवस लागले!