जाडी ऐकणारी

कातारी बहिरा होत चाललाय हे सगळ्यात आधी त्याच्या बायकोला कळलं, आणि तिने ते दुसऱ्या कुणाला कळू दिलं नाही.

तो लेथवर लाकडाचे वाडगे कातायचा, काठाला झाडाची साल तशीच ठेवून. अर्धा ओंडका लेथवर चढवायचा आणि सालीकडून आत कोरत जायचं, की काठ दोन बाजूंना उंच आणि दोन बाजूंना खोल असा आपोआप होतो. दिसायला देखणा, करायला वैताग. फिरताना तो काठ दिसतच नाही, नुसता धुरासारखा पट्टा दिसतो. लाकूड ओलं, मध्येच थांबून माप घ्यावं तर तेवढ्यात वाकायला लागतं. मग जाडी कळायची कशी? कानाने. जाड लाकूड पटाशीखाली घरघरतं, पातळ होत गेलं की आवाज बारीक होत शिट्टीवर येतो. त्या शिट्टीला हात थांबला तर वाडगा, नाही थांबला तर सरपण.

पन्नाशीत त्याच्या कानातून नेमका तो बारीक आवाज गेला. तीस वर्षं लेथशेजारी काढल्यावर कान तरी किती साथ देणार? एका आठवड्यात सात वाडगे फुटले, तेव्हा बायको हातातलं काम टाकून आली, त्याच्या मागे उभी राहिली आणि शिट्टी येताच तिने त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. तो थांबला. वाडगा उजेडात धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसत होती.

पुढची अकरा वर्षं असंच चाललं. तोवर बाकीचे आवाजही विरत गेले, आणि लेकीपासून ते लपून राहिलं नाही.

"कानामागून आलीस आणि तिखट झालीस," तो म्हणायचा.

"मागूनच यावं लागलं. समोरून सांगितलेलं तुम्ही ऐकता कुठे?" ती म्हणायची.

चार महिन्यांपूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू सगळं येतंय, असं डॉक्टर म्हणाले.

कातारीने एकट्याने करून पाहिलं. जाड ठेवले ते वाळताना तडकले, पातळ केले ते लेथवरच फुटले. एकही धड उतरला नाही.

लेक आली. वडिलांना ओठ दिसावेत म्हणून अगदी समोर बसली.

"बाबा, आईला माझ्या घराजवळच्या संस्थेत ठेवू. तिथे चोवीस तास माणसं असतात."

"इथे मी आहे ना."

"तुम्ही दिवसभर लेथवर. आणि एवढं करून एक तरी वाडगा धड होतोय का?"

ती वाईट बोलली नव्हती, खरं बोलली होती, म्हणूनच त्याला झोंबलं.

"रविवारी ये. धड वाडगा दाखवतो. नाही दाखवला तर घेऊन जा तिला."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती.

शनिवारी सकाळी त्याने तिचा पलंग भुशातून ओढत कामाच्या खोलीत आणला. तिचा डावा हात पलंगाच्या कडेवर ठेवला.

"शिट्टी आली की ठोक. जमेल ना?"

तिने बोटाने एकदा ठोकलं. तेवढ्यानेच त्याला रडू आलं. कितीतरी दिवसांनी दोघं मिळून कामाला लागले होते.

पण ते ठोकणं त्याला ऐकू येणार नव्हतं, बघावंच लागणार होतं. म्हणून पलंग लेथच्या समोर लावावा लागला. लाकूड फुटलं तर तुकडे उडतात त्या रेषेत कुणाला उभं राहू द्यायचं नाही, हे तोच आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून सांगत आला होता. एवढ्या एका वेळेला चालेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

काम छान उतरत होतं. साल कुठेही सुटली नव्हती. एक डोळा पटाशीवर, एक तिच्या हातावर. तिची बोटं हलली. ठोकलं, की नुसती थरथरली? नीट बघायला त्याने मान वर केली, आणि पटाशी काठात अडकली. वाडगा फुटला.

त्याने लेथ बंद केला आणि धावला. एक तुकडा तिच्या भुवईच्या वर लागला होता, रक्त कानापर्यंत आलं होतं. त्याने सदऱ्याचं टोक जखमेवर दाबून धरलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिचा डावा हात अजून पलंगावर ठोकत होता. ते त्याला गुडघ्यापाशी, पलंगाच्या लाकडातून कळत होतं.

तुकडा उशीवरच पडला होता. त्याने तो खिडकीकडे धरला. पलीकडच्या बोटांची सावली दिसली. तिने बरोबर वेळेला ठोकलं होतं.

"पुरे गं," तो म्हणाला आणि त्याने तिचा हात धरून ठेवला. आपल्याच्याने हिला सांभाळणं होणार नाही, हे त्याला त्या क्षणी पुरतं कळलं.

रक्त थांबल्यावर त्याने लेकीला फोन लावला. "उद्याची वाट बघू नको. आजच ये आणि आईला घेऊन जा."

लेक पलीकडून बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. त्याला त्यातला एक शब्द कळेना. फोनवरचं नेहमी बायकोच ऐकायची आणि त्याला सांगायची. सवयीने त्याने फोन तिच्या कानाला लावला.

तिने सगळं ऐकलं. त्याला सांगायला वाचा तेवढी नव्हती.