पुसून टाकलेला कर्नल

चालणारी जुनी गोष्ट तुम्ही कधी निव्वळ तत्त्वासाठी मोडली आहे का? पत्रकांच्या शाईचा वास आला की मला दौंडजवळच्या आमच्या वस्तीतलं, आम्ही चळवळीची पत्रकं छापायचो ते वाचनालय आठवतं. तिथल्या एकुलत्या कॉम्प्युटरसाठी मी लिनक्स या मोफत, खुल्या संगणक प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः बांधला आणि जुनं काही नकोच म्हणून आधीचा पुसून टाकला. सकाळी पडदा काळाच राहिला. डिस्क ओळखणारा भाग मी बांधताना वगळला होता. कंपनीत खाडा करून आलेल्या वस्तीतल्या एका ताईच्या नर्सिंग प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता. "पाचच मिनिटं, ताई," म्हणत मी तिला संध्याकाळपर्यंत बसवलं. मशीन सुरू झालं तेव्हा मुदत संपली होती. "जुनं चालत हुतं की, दादा. कशाला काढलं?" एवढंच ती म्हणाली. कर्नल मी आजही बांधतो. तुम्हीही बांधा, पण नवा सुरू झालेला डोळ्यांनी पाहीपर्यंत जुना पुसू नका.