दुसऱ्या भागातला फोटो
कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि आईची ठेवणीतली साडी आठवते. वडील जाऊन वर्ष झालं होतं. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. ती साडी नेसून आई माझ्याबरोबर पालीहून एसटीने रत्नागिरीला आली, कारण एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचा दुसरा भाग लागला होता. पहिला तिने वडिलांबरोबर पाहिला होता. त्यातला म्हातारा मामा बोलण्याआधी घसा खाकरायचा. आंब्याच्या पेट्या भरताना वडील हुबेहूब तसंच खाकरायचे आणि गडी हसायचे. आईला तो मामा पुन्हा पाहायचा होता. थिएटरात उकाडा होता, पंखे करकरत होते, भाजक्या शेंगांची टरफलं पायाखाली चुरत होती. पहिल्याच दृश्यात नायकाच्या घरी भिंतीवर मामाचा हार घातलेला फोटो दिसला. "मेला काय रे तो?" आईने मोठ्याने विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ आजी, गेलेला माणूस परत येत नाय, पुढचं बघा!" रांगेत हशा पिकला. आईने पदर सारखा केला आणि शेवटपर्यंत गाड्यांचे स्फोट पाहत बसली. परतताना एसटीत तिने विचारलं, "पहिला परत लावतील काय रे?" मी म्हणालो, "जुना कशाला लावतील, आई?" हल्ली दुसरे-तिसरे भाग सारखे येतात. गाड्या वाढतात, आवाज वाढतो. काही मला आवडतातही. आई मात्र त्यानंतर कधी थिएटरात आली नाही.