एकोणीस हिवाळे

आदिलाबादकडच्या आमच्या बाजारहत्नूरात ऋतू बदलला की तो सगळ्यांत आधी शिष्टरबाईंच्या अंगणात जाहीर व्हायचा. एखाद्या सकाळी रांजणातलं पाणी दातांना झोंबलं की त्या दाराबाहेर येत, डोळे मिटत आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "प्रभू, हिवाळा दाखवलास, तुझे आभार." पळस फुलला की उन्हाळ्याचे आभार, भिंतींना ओल आली की पावसाळ्याचे. आमच्याकडच्या भाजून काढणाऱ्या उन्हात घाम पुसत आभार मानणारी ही बाई बघून गावानं तिचं नाव 'आभारबाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. यापेक्षा वाईट नावं असतात, एवढंच त्या म्हणायच्या.

त्या यवतमाळकडच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या. सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. नवरा लवकर वारला होता आणि कृपा नावाची एकच मुलगी होती. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. दर रविवारी बसनं इचोड्याला, पत्र्याच्या छपराच्या छोट्या चर्चमध्ये जायच्या. तिथे सगळं तेलुगूत चालायचं. बाई तेलुगू गाणी वहीत मराठी अक्षरांत लिहून घेत आणि तारस्वरात म्हणत. समजतं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "अर्धं मले समजते. बाकीचं ज्याच्यासाठी हाये त्याले समजते."

कृपा माझ्या वर्गात होती. तिला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात, हे मला बाईंनीच समजावलं होतं. थंडी तिची वैरीण. दिवाळी सरली की बाईंच्या घरात गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, लोकरीचे मोजे आणि जाड दुलई बाहेर निघायची. कृपा पाय पोटाशी घेऊन दिवसदिवस पडून राहायची. तिचं विव्हळणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

आमचं घर बौद्ध. देव मानायचा नाही, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं. तिला बाईंच्या या आभारांचा फार राग यायचा. पोरीची हाडं ठणकून राह्यली आणि ही थंडीचे आभार मानते, असं ती धुसफुसायची. एकदा मीच बाईंना तसं विचारलं. त्या दुलईला टाके घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "थंडीचे कोन आभार मानते, पोरी? ही तीन वर्षांची होती तवा डॉक्टर म्हने, हिचा भरोसा नाई. तवापासून ऋतू बदलला की मी मोजतो. पोरीनं अजून एक पाह्यला, त्याचे आभार." मी हे घरी सांगितलं. त्यानंतर आईचं धुसफुसणं थांबलं.

कृपा गेली ती संक्रांतीच्या आठवड्यात. मी तेव्हा आदिलाबादला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीला घरी आले होते. आधी खोकला, मग ताप, मग श्वास पुरेना. आम्ही तिला जीपमधून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिचे पाय माझ्या मांडीवर होते आणि डोकं बाईंच्या. इचोडा मागे पडल्यावर तिनं विचारलं, थंडी कधी जाईन? बाई म्हणाल्या, "होळीले जाईन, बाळा." तिसऱ्या दिवशी दुपारी कृपा गेली. एकोणीस वर्षांची होती.

इचोड्याला माती दिली. चर्चचे पाळक बोलायला उभे राहिले, देवानं आपलं फूल खुडलं, वगैरे. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आज काई सांगू नका. तुमी प्रार्थना करा. मी नुसती उभी राहतो."

पुढे पळस फुलला. बाईंच्या अंगणातून आवाज आला नाही. सगळ्या गल्लीला ते जाणवलं. पावसाळा लागला, तेव्हाही त्या मुकाट्यानं छत्री घेऊन कामावर गेल्या. लसींचा डबा, तान्ह्या पोरांची वजनं, बाळंतिणींची चौकशी, काहीच चुकलं नाही. रविवारी चर्चलाही जात, पण गाण्याची वही घरीच असे. आई संध्याकाळी भाजी निवडायच्या निमित्तानं त्यांच्याकडे जाऊन बसायची. दोघी तासभर बसत आणि क्वचितच बोलत. देवावर रागावलात का, असं मी एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "रागावली तर हावच. म्हनून तर जातो. ज्याच्यावर राग हाये त्याच्याच दारात जा लागते."

पुढच्या हिवाळ्यात डोंगराकडच्या एका गोंड वस्तीतून निरोप आला की आठ वर्षांची एक मुलगी कालपासून रडते आहे, हातपाय सुजले आहेत. मी घरी होते, सोबत गेले. बाईंनी गोळ्यांबरोबर कृपाची दुलई आणि रबरी पिशवीही घेतली. झोपडीत शिरल्यावर त्यांना बघताक्षणी कळलं. त्यांनी पोरीचे पाय मांडीवर घेतले, गोळी दिली, घोटघोट पाणी पाजत राहिल्या. मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि गाडीला माणूस गेला. दुपारी पोरीचा डोळा लागला.

तिची आई इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. तुमाले हे एवढं कसं माहीत, असं तिनं मोडक्या मराठीत विचारलं. माझ्या पोरीला हेच होतं, असं बाईंनी सांगितलं. किती जगली, ती म्हणाली. मला वाटलं, आता बाई कोसळणार.

"एकोणीस वर्षं," बाई म्हणाल्या.

पोरीची आई जवळ सरकली. "एकोणीस?" तिनं पुन्हा विचारलं. तिला कोणी दहासुद्धा सांगितली नव्हती. हातांची बोटं दुमडून ती मोजायला लागली आणि तिच्या तोंडावर उजेड आला. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

गाडी गेल्यावर आम्ही पायी परत निघालो. दुलई पोरीबरोबर गेली होती. वाटेत मोहाच्या झाडाखाली बाई थांबल्या. मला वाटलं, दम लागला. त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, एकोणीस हिवाळे दिलेस," त्या म्हणाल्या. मग झाडाच्या खोडाला हात टेकला. "आभार."

आणि तिथेच धुळीत बसून त्या रडल्या. कृपा गेल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी शेजारी बसले.

निवृत्त झाल्यावर बाई यवतमाळकडे भावाच्या गावी जायला निघाल्या. तोवर मी शाळेत शिकवायला लागले होते. त्यांना सोडायला मी आणि आई इचोड्यापर्यंत गेलो. आधी तिघी कृपाच्या मातीच्या जागी जाऊन आलो. आईनं तिथलं गवत उपटलं. मग हमरस्त्यावर बसची वाट बघत उभ्या होतो, समोरून ट्रक जात होते. कृपा पुन्हा भेटेल असं खरंच वाटतं का, असं आईनं विचारलं. टोमण्यानं नाही, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी पदर सारखा केला. "वाटते," त्या म्हणाल्या. "पन एकदा म्हनून पुरत नाई. रोज सकाळी उठून पुन्हा म्हना लागते. काई दिवस म्हनता येत नाई. मंग दुसऱ्या दिवशी म्हनतो."

बस आली. आईनं त्यांची पिशवी वर चढवली.