घोंगडीखालचा हात

आमच्या उस्मानपुऱ्यात वच्छलाबाईंना सगळे सिस्टर म्हणतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्या घरात ताप चढला की आधी त्यांना बोलावणं जातं. त्या येतात, आजाऱ्याचं मनगट हातात धरतात आणि डोळे मात्र त्याच्या चेहऱ्यावर ठेवतात. घरातली माणसं मध्येच आजाराची हकिकत सांगायला लागली, तर मान न वळवता म्हणतात, "तुम्हाला नाय विचारलं अजून."

ही सवय त्यांना शिकत असतानाच लागली. ती कशी लागली, ते त्यांनीच एकदा आमच्या ओट्यावर शेंगा सोलता सोलता सांगितलं.

वच्छलाबाई म्हणजे देवगाव रंगारीच्या एका धनगर घरातली सून. नवरा काविळीनं लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. वडील पुंजाराम यांनी मुलीला हट्टानं सातवीपर्यंत शिकवलं होतं. जावई गेल्यावर त्यांनीच तिला शहरात आणून नर्सिंगच्या वर्गात घातलं. हे साधारण बासष्ट-त्रेसष्ट सालचं असेल. सासरी ते कळलं तेव्हा मोठं वादळ उठलं. थोरला दीर त्रिंबक हा घरचा कारभारी. आमच्या घरची सून परक्या पुरुषांची अंगं पुसणार नाही, असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं. कन्नड तालुक्यातल्या एका बिजवराशी तिचा पाट लावायचंही त्यानं ठरवलं. परीक्षेच्या आत तिला घरी न्यायचं, म्हणून तो होस्टेलवर दोनदा येऊन गेला. वच्छलाबाईंनी पहारेकऱ्याकडून निरोप दिला, की परीक्षा दिल्याशिवाय येणार नाही आणि दिल्यावर तर मुळीच नाही.

निरोप पाठवला, कारण समोर जाऊन बोलायची सोयच नव्हती. नवऱ्याच्या थोरल्या भावाला तिकडं भाया म्हणतात. भाया समोर आला की सुनेनं पदर ओढून भिंतीकडं वळायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला हात लागू द्यायचा नाही. लग्न झाल्यापासून वच्छलाबाईंनी त्रिंबकचा चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. त्याचे जोडे मात्र त्या कुठंही ओळखत.

त्याच उन्हाळ्यात शेळ्यांसाठी बाभळीच्या डहाळ्या तोडताना त्रिंबकच्या हातून कुऱ्हाड निसटली आणि मांडीत घुसली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणून टाके घातले, पट्टी बांधली आणि त्याला पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं. वच्छलाबाईंची ड्यूटी तिथंच होती. शिकवणाऱ्या सिस्टरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, दुसऱ्या वॉर्डात जातेस का.

"मी नाय जात," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते आलेत माझ्या वॉर्डात. मी नाय गेले त्यांच्या मेंढवाड्यात."

त्रिंबक पांढऱ्या चादरीवर निजायला तयार होईना. पांढरं कापड मेल्यावर अंगावर यायचं, असं त्याचं म्हणणं. मग त्याच्या आईनं, आवडाबाईंनी, चादरीवर काळी घोंगडी अंथरली आणि दुसरी त्याच्या अंगावर टाकली. डोक्यावर पदराऐवजी टोपी घातलेली सून खाटांमधून फिरताना दिसली की तोच भिंतीकडं तोंड करी. नाडी आणि ताप बघायला त्यानं दुसऱ्या मुलीला येऊ दिलं. ती परक्याच्या घरची, तिचं चालत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी जेवायला गेली होती. वच्छलाबाई शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाणी पाजत होत्या. त्यांना दिसलं, की त्रिंबक सारख्या जांभया देतोय, आईकडं पुन्हा पुन्हा पाणी मागतोय. ओठ राखेसारखे झालेले. कपाळावर घाम, आणि तरी आवडाबाई म्हणत होत्या की पोराचं अंग गार लागतंय. वच्छलाबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि सरळ जाऊन त्याचं मनगट धरलं. त्यानं हात हिसडला, पण तेवढ्यात बोटांना कळायचं ते कळलं होतं. नाडी दोऱ्यासारखी बारीक होती आणि पळत होती.

आवडाबाईंनी घोंगडीचं टोक उचलून पट्टी दाखवली. पट्टी कोरी होती. कशाला विटाळ करतीस, असं त्यांनी सुनेला विचारलं.

सिस्टरांनी वर्गात सांगितलं होतं, की पट्टी वरून बघून समाधान मानू नका. रक्त उताराकडं जातं, म्हणून अंगाखाली हात घालून बघा. अंगाखाली नुसती पांढरी चादर असती तर एव्हाना साऱ्या वॉर्डाला दिसलं असतं. काळ्या लोकरीवर काही दिसत नव्हतं. त्रिंबकनं घोंगडीचा काठ दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"आई, हिला सांग," तो म्हणाला. आवाज पार खोल गेला होता. "हात लावला तर आपल्या घराचं दार हिला बंद."

वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलल्या.

"दार राहू द्या. मांडी उचला."

त्यानं उचलली नाही. त्यांनीच हात खाली घातला. पावसात भिजलेली घोंगडी किती जड होते, हे धनगराच्या लेकीला सांगावं लागत नाही. बाहेर काढलेला हात मनगटापर्यंत लाल होता. दोन्ही तळवे पट्टीवर रोवून, अंगाचा सगळा भार देऊन त्यांनी जखम दाबली आणि सिस्टरांना हाक मारली. आवडाबाईंनी तोंडावर पदर घेतला होता.

"आत्याबाई, पाय वर धरा. रडायचं मागनं."

म्हाताऱ्या सासूनं पाय धरला. डॉक्टर आले, त्रिंबकला आत नेलं आणि सुटलेली शीर बांधली.

तो वाचला, पण शब्द त्यानं मागं घेतला नाही. आवडाबाईंनी तो वॉर्डातच सुनेला ऐकवला. म्हणाल्या, आता दार बंद, आणि भायाच्या मांडीला हात लावलेली बाई तो बिजवरही करून घेणार नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, "लई बरं झालं. एका हातात दोन कामं."

टाके काढायचा दिवस आला तेव्हा त्रिंबकनं पुरुष माणूस मागितला. डॉक्टर म्हणाले, या वॉर्डातले टाके हीच काढते, नको असेल तर घरी जाऊन मेंढ्यांच्या कात्रीनं काढ. मग त्यानं स्वतःच धोतर बाजूला सारलं.

"आवर लवकर," तो म्हणाला. भावजयीशी तो प्रथमच बोलत होता.

"घाई केली तर दुखंल. गप पडा."

तो गप पडला. एकेक टाका चिमट्यानं उचलून, कापून त्यांनी ताटलीत ठेवला. शेवटचा निघाल्यावर जखमेवर औषध लावलं आणि सरळ त्याच्याकडं बघून सांगितलं, "पाणी लागू देऊ नका. झाडावर चढू नका. आन परीक्षा पुढच्या महिन्यात हाय, मी बसनार हाय. घरी सगळ्यांना सांगा."

वच्छलाबाईंनी साबणानं हात धुतले आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.