शिसं खाल्लेल्या माशांची शतपावली

दाजींच्या शेततळ्यातले मासे खायचे, एवढाच उदात्त हेतू मनात धरून मी रविवारी सकाळी सावेडीहून निघालो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार जामखेडजवळ. माळीवाडा बसस्थानकावरून एसटी मिळते. डावीकडच्या खिडकीत बसू नका, सकाळचं ऊन भाजून काढतं. आष्टीत गाडी थांबली की गरम भजी जरूर घ्या.

पोचताच ताईने तोंडावर सांगितलं, "मासं न्हाई मिळायचं. आजारी हायती."

तळ्याशेजारच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडणारं एक शेड होतं. तिथलं पाणी तळ्यात उतरलं आणि तपासणीत माशांमध्ये शिसं निघालं. शेड बंद झालं, दाजींनी तळ्याचं पाणी बदललं. मत्स्यशेतीच्या सल्लागार मॅडमनी माशांच्या खाद्यात तंतुमय काहीतरी मिसळायला सांगितलं. थोडंफार शिसं त्याला चिकटून पोटातून बाहेर पडू शकतं म्हणे. खात्री नाही, आणि तपासणी चांगली आल्याशिवाय एकही मासा खायचा नाही, हेही बजावलं. दुसऱ्या तपासणीचा निकाल सोमवारी येणार होता. वाईट आला तर सगळे मासे पुरायचे.

तंतुमय म्हटल्यावर दाजींना एकच वस्तू ठाऊक, इसबगोल. स्वतः वर्षानुवर्षं घेतात. संध्याकाळी लवकर जेवून ते रोजच्यासारखं इसबगोल कालवलेलं खाद्य घेऊन तळ्यावर निघाले. दुसऱ्या हातात किटली.

"किटलीत काय, दाजी?"

"कोमट पानी. त्याबिगर इसबगोल लागू पडत न्हाई."

एवढ्या मोठ्या तळ्यात त्यांनी ती किटली गंभीरपणे ओतली. मग काठाकाठाने टाळ्या वाजवत चालू लागले. मासे बिचारे पुढे पळत होते.

"आता हे काय?"

"शतपावली. जेवून जागच्या जागी ऱ्हायलं तर पोट कसं साफ व्हईल?"

मी हसून हसून बांधावर बसलो. दाजी हसले नाहीत. "उद्या वाईट निघालं तर पुरावं लागंल यांना," ते म्हणाले. "माज्याच्यानं न्हाई व्हायचं ते, पाव्हणं." मला माझीच लाज वाटली.

सोमवारी दुपारी फोन आला. शिसं मर्यादेच्या आत, मासे खायला हरकत नाही! मॅडमनी श्रेय मुख्यतः बदललेल्या पाण्याला दिलं, दाजींनी शतपावलीला.

मी लगेच ताईला मसाला वाटायला सांगितला. दाजी दारात आडवे उभे राहिले. "आत्ता कुटं बरी झाली ती, आन् तुमी खायला निघाला व्हय?"

ताईने गुपचूप पिठलं टाकलं. पिठलं झकास होतं.

तर जामखेडला जरूर जा, रस्ता बरा आहे, माणसं लाख आहेत, फक्त माशांची आशा ठेवू नका. मला वाटलं होतं, घरी आलो की हे सगळं विसरेन. परवा बायकोबरोबर मासळी बाजारात गेलो. मासळीवाल्या मावशींनी ताजा रोहू पुढे केला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "याचं पोट साफ होत होतं ना?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. बायकोने दंडाला धरून मला मेथीच्या गाड्यावर नेलं.